‘न मम’ म्हटल्यावर हिशोब कसला?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

२०२५ मध्ये दत्तजयंती ४ डिसेंबरला, गुरुवारी आली. गुरुवारी दत्तजयंती म्हणजे आपल्यासाठी दुधात साखर. तिच्यानंतर तिसऱ्या दिवशी, रविवारी ७ डिसेंबरला, सशस्त्र सेना ध्वजदिन होता. मार्गशीर्ष पौर्णिमा बहुतेक वर्षी डिसेंबरात येते, त्यामुळे हे दोन दिवस एकमेकांच्या आसपासच असतात. पण एक आपण वाजतगाजत साजरा करतो आणि दुसरा आला कधी, गेला कधी, हे कळतही नाही.

गेल्या वर्षी पारायणाच्या सप्ताहात एका संध्याकाळी, आरती झाल्यावर, सभामंडपात विषय निघाला. मंदिराच्या पैशाला हात न लावता, भक्तांनी आपापल्या खिशातून वर्गणी काढून माजी सैनिकांसाठी काही रक्कम द्यावी, असं कोणीतरी सुचवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. पण द्यायची कुठे म्हटल्यावर दोन तट पडले. आमच्यातले सर्वांत ज्येष्ठ, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, ते म्हणाले, “अहो, दान केलं की ‘न मम’ म्हणायचं आणि मोकळं व्हायचं. मागून हिशोब विचारणं म्हणजे दिलेलं परत मागण्यासारखंच आहे. पुढचं महाराज बघून घेतील.” दुसरे एक गृहस्थ म्हणाले, “बघून घेणारे महाराज आहेत, पण मधे खाणारे पुष्कळ बसलेत. त्यापेक्षा न दिलेलं बरं.” मग सगळे माझ्याकडे बघायला लागले, बँकेतला माणूस म्हणून. मी गप्प बसलो. त्याला कारण होतं. ते आज लिहितो.

१४ फेब्रुवारी २०१९ रोजी पुलवामाला सीआरपीएफचे ४० जवान गेले. त्या आठवड्यात कोणाच्या घशाखाली घास उतरत नव्हता. मी वही घेऊन आमच्या इमारतीत घरोघर फिरलो. चार दिवसांत ४१,५०० रुपये जमले. ओळखीच्या ओळखीतून एका संस्थेचे कार्यकर्ते आले. लेटरहेडवर तिरंगा, सैनिकाचा फोटो, खाली मोठी मोठी नावं. छोटा कार्यक्रम झाला, मी व्यासपीठावर धनादेश दिला, फोटो निघाला, सगळ्यांचे डोळे पाणावले. मला पावती मिळाली. ती मी घडी करून खिशात ठेवली.

दोन-अडीच महिन्यांनी तळमजल्यावरच्या काकू जिन्यात भेटल्या. त्यांनी आपल्या कुटुंबनिवृत्तिवेतनातून पाचशे रुपये दिले होते. त्यांनी अगदी सहज विचारलं, “ते पैसे कोणाला पोचले हो? कुठल्या गावचा होता तो जवान?” मला उत्तर देता येईना. घरी येऊन पावती उघडली. तिच्यावर नोंदणी क्रमांक नव्हता. आयकराच्या सवलतीचा उल्लेख नव्हता, सहीखाली नाव नव्हतं. ज्या माणसानं तीस वर्षांहून जास्त काळ काउंटरवर लोकांच्या सह्या नमुना सहीशी ताडून पाहिल्या, त्यानं ही पावती वाचलीच नव्हती! फोन लावला, तर तो लागेना. पुढे कळलं की संस्थेनं सत्कार केले, फलक लावले, स्मृतिचिन्हं वाटली. जवानांच्या घरी काही पोचलं की नाही, ते शेवटपर्यंत समजलं नाही. त्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण मला ते माहीत नाही. आणि माहीत नसणं हीच माझी चूक होती.

बँकेत ‘सस्पेन्स खातं’ नावाचा एक प्रकार असतो. एखादी रक्कम आली, पण ती नेमकी कोणाची हे कळत नसेल, तर ती तात्पुरती तिथे ठेवतात. ते खातं लवकरात लवकर निल करायचं असतं, नाहीतर तपासणीला आलेले साहेब पहिलं बोट तिथेच ठेवतात. ते ४१,५०० रुपये सहा वर्षं माझ्या मनाच्या सस्पेन्स खात्यात पडून आहेत.

आता अण्णांच्या म्हणण्याकडे येतो. आहुती देताना आपण ‘इदं न मम’ म्हणतो, म्हणजे हे माझं नाही. दान दिल्यावर त्यावरची ममता सुटली पाहिजे, नाव लागलं पाहिजे, आभार मानले पाहिजेत, ही अपेक्षा सुटली पाहिजे, हे अण्णांचं म्हणणं शंभर टक्के खरं. पण मी नोकरीचाच विचार करतो. रोज लाखो रुपये हातातून जायचे. त्यातला एक रुपयाही माझा नव्हता. ‘न मम’ याहून वेगळं काय असतं? आणि तरीही संध्याकाळी कॅश जुळवताना दहा रुपयांचा फरक आला तर सगळी शाखा थांबायची. सगळी व्हाउचरं पुन्हा तपासली जायची. पैसे माझे असते तर दहा रुपये गेले तर गेले म्हणून मी घरी गेलो असतो. माझे नव्हते म्हणूनच मोजावे लागत होते.

दानाचंही तसंच आहे. काकूंनी पाचशे रुपये माझ्या हातात दिले आणि ‘न मम’ म्हटलं, त्या क्षणी ते काकूंचे राहिले नाहीत. पण ते माझेही झाले नाहीत आणि संस्थेचेही झाले नाहीत. ते कुठल्या तरी जवानाच्या घरचे झाले. मधले आम्ही सगळे नुसते कारकून. मग हिशोब विचारला तर तो माझ्या पैशाचा नव्हे, त्या घरच्या पैशाचा विचारला. यात दिलेलं परत मागणं कुठे आलं?

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. योग्य देश, योग्य काळ, योग्य पात्र पाहून, जो परतफेड करू शकणार नाही अशाला दिलेलं ते सात्त्विक. फळाची आशा धरून किंवा कष्टी मनानं दिलेलं ते राजस. आणि अयोग्य ठिकाणी, अयोग्य वेळी, अपात्राला, बेपर्वाईनं दिलेलं ते तामस. मी आजवर समजत होतो की तामस दान म्हणजे वाईट माणसाचं दान. पण २०१९ चं माझं दान कुठे बसतं? मन चांगलं होतं, डोळ्यांत पाणी होतं; पण देश, काळ, पात्र काहीच पाहिलं नव्हतं. पाहण्याचा कंटाळा हाही घेणाऱ्याचा अनादरच आहे.

मग सैनिकांच्या बाबतीत हे तिन्ही पाहायचं कसं? मला जे समजलं ते सांगतो.

आधी देश, म्हणजे ठिकाण. सैनिक म्हटलं की आपण सगळे गणवेश एकात मिसळतो. भूदल, नौदल, हवाईदल ही संरक्षण मंत्रालयाकडे. सीआरपीएफ, बीएसएफ ही दलं गृह मंत्रालयाकडे. दोघांच्या मदतीच्या वाटा वेगळ्या. तिन्ही सेनांच्या माजी सैनिकांसाठी ध्वजदिन निधी आहे. २८ ऑगस्ट १९४९ रोजी संरक्षणमंत्र्यांच्या समितीनं ठरवलं की दरवर्षी ७ डिसेंबरला लाल, गडद निळा आणि फिकट निळा अशा तीन रंगांची छोटी निशाणं देऊन लोकांकडून निधी जमवायचा. तीन रंग तीन दलांचे. पुढे १९९३ मध्ये युद्धविधवा, अपंग सैनिक वगैरेंसाठीचे वेगवेगळे निधी एकत्र करून एकच सशस्त्र सेना ध्वजदिन निधी केला. केंद्रीय सैनिक मंडळ त्याचं काम पाहतं आणि जिल्ह्याच्या ठिकाणी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय असतं. निमलष्करी दलांच्या हुतात्म्यांसाठी गृह मंत्रालयानं एप्रिल २०१७ मध्ये ‘भारत के वीर’ सुरू केलं. त्यात एक गोष्ट मला फार आवडली. एका जवानाच्या नावे १५ लाखांपर्यंतच रक्कम जमा करायची अशी मर्यादा आहे. ती भरत आली की देणाऱ्याला कळवलं जातं, मग त्यानं दुसऱ्या जवानाच्या नावे द्यावं किंवा सर्वांच्या सामाईक निधीत द्यावं. कारण सरळ आहे. ज्याचं नाव टीव्हीवर येतं, त्याच्याकडे लोकांचा ओघ जातो, आणि कुठल्यातरी चकमकीत एकटा गेलेला जवान मागे राहतो.

दुसरा काळ. युद्धाच्या आठवड्यात सगळेच देतात. पण सैनिकाची गरज त्या आठवड्यात संपत नाही. आपल्या पुण्याजवळ खडकीला मणक्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्र १९७४ पासून चालू आहे. कमरेखालचं किंवा मानेखालचं शरीर लुळं पडलेला विशीतला मुलगा तिथे येतो आणि चाकाच्या खुर्चीत पुढचं सगळं आयुष्य काढतो. तेव्हाच्या बातम्या कधीच्या विरून गेल्या, याचे तीस-चाळीस वर्षांचे दिवस मात्र रोज उजाडतात. म्हणून एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दरवर्षी एक हजार द्यावेत असं माझं मत झालं आहे. आपण पारायण एकदाच करून थांबत नाही, तसंच.

तिसरं पात्र, आणि हे सर्वांत महत्त्वाचं. पुष्कळांना वाटतं, सैनिकाला तर निवृत्तिवेतन मिळतंच. जवानाला ते साधारणपणे पंधरा वर्षं सेवा झाली तरच मिळतं. त्याआधी घरच्या अडचणीनं किंवा दुसऱ्या कारणानं बाहेर पडलेले कितीतरी आहेत. त्यांच्यासाठी आणि त्यांच्या विधवांसाठी ध्वजदिन निधीतून मदत दिली जाते. वय ६५ च्या वर, हुद्दा हवालदारापर्यंत, निवृत्तिवेतन नाही, अशांना महिन्याला ४,००० रुपये मिळत. ऑक्टोबर २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयानं ती रक्कम दुप्पट, म्हणजे ८,००० केली. मुलांच्या शिक्षणाची मदत महिना एक हजाराची दोन हजार झाली, मुलीच्या लग्नाची पन्नास हजारांची एक लाख झाली. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना हे लागू आहे, आणि हा खर्च ध्वजदिन निधीतूनच भागवायचा आहे. म्हणजे आपल्या डब्यात पडलेली नाणी कुठे जातात, ते स्पष्ट दिसतं.

खासगी संस्थांना देऊच नये, असं मात्र मी म्हणत नाही. पुष्कळ चांगल्या आहेत. फक्त कागद मागायचे. महाराष्ट्रातल्या सार्वजनिक न्यासाची धर्मादाय आयुक्तांकडे नोंद असते आणि त्याला दरवर्षी तपासलेले हिशोब सादर करावे लागतात. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. नऊमध्ये ‘न्यासाच्या उद्दिष्टांवरील खर्च’ आणि ‘आस्थापना खर्च’ या रकमा वेगवेगळ्या दाखवलेल्या असतात. एवढ्या दोन ओळी वाचल्या तरी पुष्कळ समजतं. ताळेबंदात गंगाजळी वर्षानुवर्षं फुगत चालली असेल आणि खर्च तेवढाच असेल, तर का, ते विचारायचं. अवधूतांच्या चोवीस गुरूंमध्ये मधमाशीही आहे. तिच्याकडून अवधूत दोन धडे घेतात. प्रत्येक फुलातून थोडं घ्यावं, हा एक. आणि साठवत बसू नये, नाहीतर साठाही जातो आणि साठवणारीही जाते, हा दुसरा. ८०जी असलेल्या संस्थेनं दिलेलं फॉर्म १०बीई हे प्रमाणपत्रही पाहावं, आणि दोन हजारांवर रोख देऊ नये, त्यावर सवलत मिळत नाही. नव्या करपद्धतीत असणाऱ्यांना ती तशीही नाही. त्यांनी पुण्यावर समाधान मानावं!

पण इथे माझ्यासारख्या आकडेमोड करणाऱ्यांनी सावध राहायला हवं. नुसती टक्केवारी फसवते. माझी मुलगी अमेरिकेत असते, तिच्याकडून तिकडची एक गोष्ट समजली. जखमी सैनिकांसाठी काम करणारी ‘वुंडेड वॉरिअर प्रोजेक्ट’ नावाची तिथली फार मोठी संस्था. जानेवारी २०१६ मध्ये तिच्या प्रवासावरच्या आणि संमेलनांवरच्या खर्चाच्या बातम्या वृत्तपत्रांत आणि टीव्हीवर आल्या. मार्चमध्ये विश्वस्तांनी वरच्या दोन अधिकाऱ्यांना काढलं. गंमत अशी, की दानाचा किती भाग सैनिकांवर खर्च झाला यावर बाहेरच्या मूल्यमापन करणाऱ्या संस्थेचा आकडा सुमारे ६० टक्के होता आणि विश्वस्तांचा सुमारे ८१ टक्के. पुस्तकं तीच, पण कुठला खर्च कुठल्या सदरात घालायचा यावर आकडा फिरला. वाणिज्य शाखेच्या कोणालाही हे नवल वाटणार नाही. त्यानंतर त्या संस्थेच्या देणग्या खूप घटल्या. चूक अधिकाऱ्यांची, पण तोटा त्या जखमी मुलांचाही झाला, हे मनातून जात नाही.

उलट बाजूही आहे. मणक्याच्या रुग्णाला दर दोन-तीन तासांनी कुशीवर वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. हे करणारा माणूस रात्री जागतो, त्याला पगार द्यावा लागतो. तो पगार हिशोबात कुठल्याही सदरात पडो, तीच तिथली सेवा आहे. ‘आम्ही पगारावर काही खर्च करत नाही’ असं एखादी संस्था सांगेल, तर रात्री कूस कोण बदलतं, हे विचारलं पाहिजे. म्हणून मी आता आकड्याच्या आधी तीन साधे प्रश्न विचारतो. कोणाला मिळालं? काय मिळालं? आणि वर्षानं त्याचं काय झालं? ज्याला याची उत्तरं तोंडपाठ असतात, तो काम करणारा असतो. ज्याला राग येतो, त्याला नमस्कार करून उठावं.

आता त्या दुसऱ्या गृहस्थांचं म्हणणं राहिलं, न दिलेलं बरं. खरं सांगायचं तर अण्णांपेक्षा हे म्हणणं माझ्या जास्त जवळचं होतं. २०१९ नंतर सहा वर्षं मी सैनिकांसाठी एक रुपयाही दिला नाही. कोणी विचारलं की ती पावती दाखवायचो. लोक म्हणायचे, बरोबर आहे तुमचं. एकदा फसल्याचं दुःख खरं होतं, पण पुढे पुढे ते सोयीचं झालं. फसवणुकीची भीती आणि कंजूषपणा, दोघांचे चेहरे इतके सारखे आहेत की आरशात बघूनही ओळखू येत नाहीत.

यंदा उन्हाळ्यात मला काउंटरवरची एक गोष्ट आठवली. तालुक्याच्या शाखेत असताना एक म्हातारी बाई यायच्या. नवऱ्यानं सैन्यात काही वर्षं काढली होती, पण निवृत्तिवेतन नव्हतं. सैनिक मंडळाकडून त्यांच्या खात्यात थोडी रक्कम यायची. अंगठा उठवायच्या, पासबुकात नोंद करून घ्यायच्या, आणि ती नोंद मला वाचून दाखवायला सांगायच्या. मी वाचायचो. रक्कम ऐकून त्या “बरं झालं बाबा,” म्हणायच्या आणि पदरात पासबुक गुंडाळून जायच्या. कुठल्या कुठल्या शाळेतल्या पोरांनी, कचेऱ्यांतल्या लोकांनी डब्यात टाकलेली नाणी त्यांच्या पासबुकात एक ओळ होऊन आली होती. आमच्या शाखेतही डिसेंबरात तो डबा फिरायचा, आणि मी नाइलाजानं, साहेब बघताहेत म्हणून, खिशाला निशाण लावून घ्यायचो. म्हणजे ज्या दानाकडे मी लक्षही दिलं नव्हतं ते पोचत होतं, त्याची नोंद मीच माझ्या हातानं केली होती. आणि ज्यासाठी मी व्यासपीठावर चढलो होतो त्याची नोंद कुठेच नव्हती.

गाणगापूरला दुपारी मधुकरी मागायची पद्धत आपल्यापैकी अनेकांनी पाळली असेल. लहानमोठे सगळे झोळी घेऊन किमान पाच घरी जातात. झोळीत पडतं ते एका घरचं नसतं, आणि मागणारा ते स्वतःच्या मालकीचं समजत नाही. ध्वजदिनाचं निशाण ही मला तशीच मधुकरी वाटते. फरक एवढाच की इथे झोळी त्या म्हाताऱ्या बाईंची आहे आणि ती आपल्या हातात आहे. दुसऱ्याची झोळी हातात असताना तिला भोक आहे का, हे पाहणं आपलं काम. आणि भोक पडेल म्हणून झोळी खुंटीला टांगून ठेवणं, हे पाप.

यंदा मी ठरवलं आहे. ते ४१,५०० रुपये माझ्या निवृत्तिवेतनातून थोडे थोडे भरून काढायचे. पहिला हप्ता ७ डिसेंबरच्या आठवड्यात जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात भरेन, पावती नीट वाचून घेईन, आणि तळमजल्यावरच्या काकूंना नेऊन दाखवेन. त्या म्हणतील, “अहो, कशाला इतकं?” म्हणू देत. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला सहा वर्षं लागली, एवढंच.

अण्णा, आपण वडीलधारे आहात, हा लेख वाचाल म्हणून लिहितो. आपलं म्हणणं मी खोडत नाही. ‘न मम’ आपण म्हणालात तेच खरं. फक्त या वर्षी मंडपात वर्गणी जमली, तर ती मोजायला आणि पोचवायला मला बसू द्या. वही मी आणतो.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥